कोपराच्या मापाचा ओटा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



मला भाषणाची सवय नाही. आजवर या व्यासपीठावर मी सतरंज्या घालायला आले, हळदीकुंकवाचे तबक घेऊन आले. बोलायला म्हणून कधी उभी राहिले नाही. माझी शाळा सातवीपर्यंत झाली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती, मुलीला एकटीला पाठवायचे नाही असे घरात ठरले, आणि तिथे शिक्षण संपले. असे असताना चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो मुलीच्या एम. टेक.च्या अभ्यासाचा! मी म्हटले, "अहो, हे तिलाच विचारा की." त्या म्हणाल्या, "ती सांगते ते आम्हाला कळत नाही. तुम्हाला जेवढे कळले तेवढे तुम्ही सांगा." तेव्हा तेवढेच सांगते. चुकले तर मुलीची चूक नव्हे, माझी.

विषयाचे नाव इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, म्हणजे औद्योगिक अभियांत्रिकी. त्यातला तिने घेतलेला भाग म्हणजे एर्गॉनॉमिक्स. हा शब्द ग्रीक आहे. 'एर्गॉन' म्हणजे काम आणि 'नोमॉस' म्हणजे नियम. १८५७ साली पोलंडमधल्या एका विद्वानाने तो प्रथम वापरला, पुढे सगळे विसरून गेले, आणि १९४९ साली इंग्लंडात काही मंडळींनी या विषयाची संस्था काढली तेव्हा तो पुन्हा वर आला. मला समजलेला अर्थ एवढाच, की माणसाला कामाच्या मापात कोंबायचे नाही, काम माणसाच्या मापाचे करायचे.

हे आज मी सहज सांगते. दोन वर्षांपूर्वी मात्र मी या शिक्षणाच्या विरुद्ध होते. हे कबूल केल्याशिवाय पुढचे सांगणे खोटे होईल.

धाकटी मेकॅनिकलची इंजिनिअर झाली त्याच सुमारास एक चांगले स्थळ सांगून आले होते. माणसे ओळखीतली, मुलगा नोकरीला. आणि ही म्हणते, मला आणखी दोन वर्षे शिकायचे आहे! मी म्हटले, "एवढे शिकलीस ते काय कमी आहे? आणि शिकायचेच तर मोठ्या यंत्राचे शीक. खुर्ची-टेबलाची उंची मोजायला इंजिनिअर कशाला हवा?" तिने ऐकून घेतले. पण खरा विरोध तिच्या वडिलांचा होता, आणि त्यांचे कारण माझ्यासारखे वरवरचे नव्हते.

आमच्या घरी लेथवर काम करणारा माणूस आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या कारखान्यात पूर्वी एकदा एक तरुण साहेब स्टॉपवॉच आणि लिहायची पाटी घेऊन त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. तीन दिवस उभा होता. चौथ्या दिवशी भिंतीवर नवा आकडा लागला, पाळीत इतके नग निघालेच पाहिजेत. पगार तोच. तेव्हापासून घड्याळवाला म्हटले की यांचे डोके फिरते. मुलगी तोच विषय शिकणार हे कळल्यावर ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "उद्या तू कोणाच्या तरी बापाच्या मागे उभी राहणार."

ताटावरून ती उठली नाही, एवढे मला आठवते. म्हणाली, "बाबा, त्या साहेबाने थकव्याची सूट धरली होती का?" म्हणजे असे, की कामाचा वेळ मोजला की त्यात पाणी पिणे, लघवीला जाणे, हातपाय मोकळे करणे यांचा वेळ वर मिळवायचा असतो. जड काम, उष्णता, वाकून करायचे काम असेल तर आणखी सूट. ते पहिल्याच वर्षी शिकवतात. हे म्हणाले, "पुस्तकात असेल." ती म्हणाली, "पुस्तकातले कारखान्यात आणायलाच कोणी तरी शिकायला पाहिजे ना?" त्यावर हे काही बोलले नाहीत. पण हो म्हणाले असेही नाही.

त्या रात्री भांडी आवरताना तिने मला एका बाईची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीने माझे मन थोडे वळले, म्हणून ती तुम्हालाही सांगते.

बाईचे नाव लिलियन गिलब्रेथ. अमेरिकेतली. जन्म १८७८ चा. विद्यापीठात शिकली आणि १९०४ साली फ्रँक गिलब्रेथ नावाच्या बांधकाम ठेकेदाराशी तिचे लग्न झाले. हे गृहस्थ कॉलेजात गेलेले नव्हते. गवंड्याच्या हाताखाली काम शिकून वर आलेले. त्यांच्या लक्षात आले, की गवंडी एक वीट लावण्यासाठी हाताच्या, कमरेच्या अठरा हालचाली करतो. विटांचा ढीग पायाशी. प्रत्येक विटेला वाकायचे आणि स्वतःच्या धडाचे ओझे वर आणायचे. त्यांनी पायाड असे केले की विटा आणि चुना गवंड्याच्या हाताच्या उंचीवर राहतील. अठराच्या पाच हालचाली झाल्या. ताशी १२० विटा लावणारे गवंडी ३५० पर्यंत गेले, असे १९११ सालच्या पुस्तकात टेलर साहेबांनी लिहून ठेवले आहे. हे टेलर म्हणजे घड्याळवाल्यांचे मूळपुरुष. गिलब्रेथ पतिपत्नींचे पुढे त्यांच्याशी पटले नाही. नुसते घड्याळ लावून काय कळणार, हात कुठे जातो, डोळा कुठे जातो, थकवा कशाने येतो ते पाहा, असे यांचे म्हणणे. त्यासाठी ते कामगारांच्या कामाचे चित्रपट घेत.

(इथे यांना सांगितले, "बघा, घड्याळवाल्यांतही दोन पक्ष होते." हे म्हणाले, "विटा तिप्पट झाल्या, मजुरी किती झाली ते विचार." तो प्रश्न मला अजून बरोबर वाटतो.)

या बाईला बारा मुले झाली. मुलांचे करता करता तिने नवऱ्याबरोबर पुस्तके लिहिली. त्यातल्या १९१४ सालच्या एका पुस्तकावर प्रकाशकाने तिचे नाव नुसत्या आद्याक्षरांनी छापले, कारण लिहिणारी बाई आहे हे वाचकांना कळू द्यायचे नव्हते. १९१५ साली ती डॉक्टर झाली. म्हणजे औषधाची नव्हे, विद्येची. आणि १९२४ साली नवरा अचानक हृदय बंद पडून गेला. घरात अकरा मुले. एक आधीच घटसर्पाने गेले होते. ज्या कारखान्यांना इतकी वर्षे दोघे मिळून सल्ला देत होती, त्यांतले बरेच म्हणाले, बाईचा सल्ला आम्हाला नको.

तेव्हा ती स्वयंपाकघराकडे वळली. कारखान्याचे दार लावून घेतले तर हे दार तरी कोणी लावू शकत नाही! ओटा, मोरी, चूल, कपाट यांच्यात बाई किती पावले चालते हे तिने मोजायला लावले. एका केकच्या कृतीला आधी २८१ पावले पडत होती. मांडणी बदलल्यावर ४५ पडली. एका मोठ्या वीज कंपनीसाठी तिने चार हजारांवर बायकांना विचारून ओट्याची आणि चुलीची उंची किती असावी ते काढले. पुढे १९३५ साली ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीत १९६५ साली निवडून आलेली ती पहिली स्त्री. १९७२ साली वारली.

गंमत अशी की तिला स्वतःला स्वयंपाक फारसा येत नव्हता. घरी दुसरी माणसे करीत. मला हे आधी आवडले नाही. नंतर वाटले, म्हणूनच तिने चार हजार बायकांना विचारले असेल. येत असते तर स्वतःलाच विचारून मोकळी झाली असती, जसे आपण सुनांच्या बाबतीत करतो.

असो. आता खर्चाचे, कारण ज्यांच्या घरी मुली शिकत आहेत त्या हेच विचारतात. एम. टेक. ला जायचे तर गेट नावाची परीक्षा असते. तीन तासांची, शंभर गुणांची, संगणकावर. तिचे गुण तीन वर्षे चालतात. गेटमधून प्रवेश मिळाला तर सरकारकडून दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. त्याबद्दल आठवड्याला आठ तास प्रयोगशाळेत किंवा खालच्या वर्गांना शिकवण्यात मदत करायची. हा आकडा ऐकल्यावर आमच्या घरातला आवाज बराच खाली आला, हे लपवण्यात अर्थ नाही. इंजिनिअर नसलेल्या मुलींनाही या विषयाला वाटा आहेत. डिझाइनच्या बाजूने जायचे तर सीड नावाची वेगळी परीक्षा आहे, आणि गृहविज्ञानाच्या वरच्या अभ्यासातही हा विषय शिकवतात. मुंबईत पवईजवळ १९६३ साली औद्योगिक अभियांत्रिकीची खास राष्ट्रीय संस्थाच निघाली होती; २०२३ पासून तिचे नाव आयआयएम मुंबई झाले.

तर धाकटी गेली. त्या स्थळाला आम्ही नाही कळवले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहिल्या सुट्टीत ती आली ती कपड्यांच्या घड्या घालायची फीत घेऊन. घड्या घालायची काय म्हणते मी, शिंप्याची फीत. मला म्हणाली, "आई, चप्पल काढ आणि सरळ उभी राहा." माझी उंची घेतली, खांद्याची घेतली आणि कोपर काटकोनात ठेवून जमिनीपासून कोपरापर्यंतची घेतली. कोपर निघाले ९४ सेंटिमीटरवर. मग ओटा मोजला. ९१.

तिने सांगितले ते असे. उभ्याने करायच्या कामाची उंची कोपरावरून ठरते. घड्याळजीसारखे बारीक काम असेल तर ते कोपराच्या किंचित वर असावे, म्हणजे मान वाकत नाही. भाजी चिरण्यासारखे हलके काम कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली. आणि ज्यात जोर लावायचा, म्हणजे कणीक मळणे, वाटणे, ते पंधरापासून चाळीस सेंटिमीटर खाली, म्हणजे अंगाचे वजन कामाला येते. माझा ओटा कोपराच्या जेमतेम तीन सेंटिमीटर खाली. मी अकरा वर्षे त्या ओट्यावर परातीत कणीक मळत होते. परातीच्या काठामुळे हात आणखी वर. म्हणजे प्रत्येक वेळी खांदे कानाकडे उचलून, नुसत्या दंडाच्या जोरावर.

अकरा वर्षे माझा उजवा खांदा दुखत होता. तेल झाले, मलम झाले, शेक झाला, गोळ्या झाल्या. "वय झाले," "तुम्हाला कॅल्शियम कमी," "तुमचा बांधाच नाजूक," असे सगळ्यांनी सांगितले आणि मलाही ते पटले होते. ओट्याकडे कोणी पाहिले नाही. मीही नाही.

मुलीने विचारले, "ओट्याची उंची कोणी ठरवली?" मला आठवले. घर बांधताना गवंड्याने विचारले होते, बरोबर त्याच जागी उभे राहून, "साहेब, ओटा किती ठेवू?" यांनी स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवला. हे पावणेसहा फूट. मी पाच फुटांना एक इंच कमी. मी तिथेच होते, चहा घेऊन. मला कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर विचारण्यासारखे काही आहे हे मलाही सुचले नाही.

काळा दगडी ओटा फोडायला पैसे नव्हते. फोडावाही लागला नाही. जेवायचे टेबल ७६ सेंटिमीटर निघाले. आता मी कणीक त्यावर मळते. ओट्यावर भाजी चिरायची तर खाली रुंद फळी घातली आहे. अरुंद पाट घालू नका, पाय घसरतो; हेही अनुभवाने सांगते.

त्याच सुट्टीतला आणखी एक प्रकार. मी मळत असताना ती मनगटाला नाडी मोजायचा पट्टा बांधून म्हणाली, "सहापासून वीसपर्यंत आकडा सांग. सहा म्हणजे काहीच कष्ट नाहीत, वीस म्हणजे याहून जास्त शक्यच नाही." मी म्हटले, सहापासून का, एकपासून का नाही? तर म्हणे बोर्ग नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने हे माप असे केले आहे, की आकड्याला दहाने गुणले की साधारण नाडीचे ठोके यावेत. मी सांगितले, "आठ." पट्ट्यावर ठोके १२० च्या वर. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आई, तू खोटे सांगितलेस." मी खोटे सांगितले नव्हते. कोणी विचारले की "काही नाही गं, हलकेच आहे" म्हणायचे, ही जीभ लहानपणापासून वळलेली. तिने वहीत दोन्ही आकडे लिहिले. तिच्या गुरूंनी म्हणे सांगितले की हा फरक पुसू नका, तोही निष्कर्षच आहे.

आता आपल्या मंडळाकडे येते. दुसऱ्या वर्षी एम. टेक. च्या मुलांना एका प्रश्नावर प्रबंध लिहावा लागतो. धाकटीने आपले फराळ केंद्र निवडले. इथे बसलेल्या बहुतेक जणींना तिने फितीने मोजले आहे, तेव्हा त्याचे वर्णन नको. फक्त दोन-तीन गोष्टी सांगते, कारण त्या वेळी काहींचा गैरसमज झाला होता.

तिने आधी प्रत्येकीला कागद वाचून दाखवला आणि सही घेतली. काहींना वाटले, हे कसले करारपत्र? ते असे होते, की माणसांवर अभ्यास करायचा तर त्यांची राजीखुशी लेखी घ्यावी लागते, मनात आले तर मधेच नाही म्हणता येते, आणि प्रबंधात कोणाचे नाव येत नाही, चेहरा झाकतात. आपल्यातल्या एका थोरल्या काकूंनी फोटोला नकार दिला. तिने त्यांचा फोटो घेतला नाही. संपली गोष्ट. त्याबद्दल काकूंना कोणी बोलू नये.

दुसरे ते चित्र. पाठमोऱ्या माणसाचे चित्र देऊन मान, खांदे, कोपर, मनगट, पाठ, कंबर, मांड्या, गुडघे, पाऊल, अशा नऊ जागांपैकी गेल्या वर्षभरात कुठे दुखले आणि गेल्या सात दिवसांत कुठे, त्यावर खूण करायची होती. एकीने पेन्सिल घेतली आणि सगळा माणूसच रंगवून दिला. आपण खूप हसलो. मुलगी हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "आई, त्या काकूंच्या उत्तरात चूक नाही, माझ्या चित्रात जागा कमी आहेत."

तिसरे, पापडांचे. जमिनीवर मांडी घालून, पुढे वाकून, मान खाली घालून पापड लाटतानाच्या फोटोंवरून तिने कोन मोजले. १९९३ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमला केलेली एक पद्धत आहे, तिला रूला म्हणतात. त्यात एकपासून सातपर्यंत गुण. आपल्याकडे सात म्हणजे नापासच्या जवळ, तिथे सात म्हणजे काम करायची रीत आजच बदला. आपल्या पापड लाटण्याला सात मिळाले. इतकी वर्षे आपण म्हणत आलो, मांडी घालून बसले की बायकांना बरे. मांडी घालण्यात वाईट नाही हो. चार-चार तास पुढे झुकून राहण्यात आहे.

मग मंडळाच्या पैशातून सुताराकडून टेबल केले, आणि ते फसले. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या ११ जणींच्या कुरबुरी खऱ्या होत्या. मुलीने सगळ्यांच्या कोपरांची सरासरी काढली आणि त्या सरासरीचे टेबल केले. ते उंच बायकांना बुटके झाले आणि बुटक्यांना उंच. तिला तिच्या गुरूंनी तेव्हा एक दाखला दिला. अमेरिकेच्या हवाई दलाने चार हजारांवर वैमानिक मोजले, दहा मापे घेतली, आणि १९५२ साली पाहिले तर दहाही मापांत सरासरी असा एकसुद्धा माणूस नव्हता! म्हणून या शास्त्रात सरासरीला धरून चालत नाहीत. शंभरांत पाच सर्वांत बुटक्या आणि पाच सर्वांत उंच सोडून मधल्या नव्वद जणींना जमेल असे करतात, आणि जमले तर खालीवर होणारे करतात. त्यासाठी आपल्या देशातल्या माणसांची मापेही छापलेली आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतर्फे १९९७ साली ते पुस्तक निघाले. परदेशी मापे घेऊन आपल्याकडे ओटे-बाक केले तर पाय लोंबकळणारच.

खालीवर होणारे टेबल विकत आणायचे तर किंमत परवडेना. तेव्हा एका रविवारी हे न सांगता मंडळात गेले. टेबलाचे पाय बघितले, पुन्हा फीत मागितली, आणि पुढच्या रविवारी लोखंडी नळीत नळी घालून, पाच-पाच सेंटिमीटरवर भोके पाडून, खिळीने अडकवायचे चार पाय करून आणले. भोकांचे अंतर मुलीने सांगितले होते. जोडताना दोघे बापलेक मापावरून भांडत होती. खिळी बसल्यावर हे म्हणाले, "सूट धरली का थकव्याची?" ती म्हणाली, "तासाला पाच मिनिटे. तुम्हालासुद्धा बसा म्हणतेय." आपल्या केंद्रात दर तासाला घंटा वाजते ती तेव्हापासून. काही जणींना ती आळशीपणाची घंटा वाटते. त्यांनी वाटून घ्यावे, पण उठावे.

प्रबंधात माझेही एक वाक्य आहे, हे सांगितले तर गर्व म्हणू नका. चकल्या पाडताना कोणाचा हात किती जोर लावतो हे ती मोजत होती. तिला कळेना, की सकाळी तीच बाई, तोच सोऱ्या, तेच पीठ, आणि तासाभराने जोर दीडपट कसा? थकल्यामुळे म्हणावे तर नव्या बाईलाही तेवढाच लागतो. मी म्हटले, "अगं, उकडीचे पीठ गार झाले की आवळते. सगळे एकदम मळून ठेवता, दुसरे काय होणार?" हे कोणत्याही बाईला ठाऊक आहे. पण तिच्या पुस्तकांत नव्हते. आता आपण अर्धा-अर्धा किलो मळतो, उरलेले ओल्या फडक्याखाली ठेवतो, आणि अंगठ्याच्या बुडाशी होणारी कळ पुष्कळ जणींची कमी झाली आहे. माझा खांदाही सुधारला. साफ बरा झाला असे म्हणणार नाही. अकरा वर्षांचे दुखणे दोन वर्षांत धुऊन जात नाही, आणि थंडीत अजून ठणकतो.

आता सिलिंडरचे. केंद्रातला भरलेला सिलिंडर आपण दोघी मिळून न्यायचा की एकीने ओढायचा, यावर मागे वाद झाला होता. त्यात गॅस १४.२ किलो, आणि टाकीचे वजन धरून जवळजवळ ३० किलो होतात. उचलण्याचे एक अमेरिकन सूत्र आहे, १९९१ साली सुधारलेले. त्यात सगळे अनुकूल असले, म्हणजे ओझे अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, वळायचे नाही, पकड चांगली, तरी जास्तीत जास्त २३ किलो धरतात. ओझे लांब असेल, जमिनीवरून उचलायचे असेल, तर त्याहून कमी. तेव्हा एकीने उचलायचा प्रश्नच नाही, आणि दोघींनीही चाकांची गाडी घ्यावी. ती गाडी जिन्याखाली धूळ खात पडली आहे.

शेगडीच्या बटणांचेही सांगायचे होते. चार बर्नर चौकोनात आणि बटणे एका ओळीत असली की भलतेच बटण फिरवले जाते. १९५९ सालीच अमेरिकेत हे प्रयोगाने दाखवले, आणि बर्नर थोडे सरकवून बटणांच्या क्रमाने लावले तेव्हा एकही चूक झाली नाही. पण वेळ झाला, चिटणीसबाई घड्याळ दाखवत आहेत. त्यांच्या घड्याळात थकव्याची सूट नाही!

धाकटीची तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. हे रजा काढून जाणार आहेत. मला म्हणाले, तूही चल, पण तिथे सगळे इंग्रजीत चालेल, तू काय करशील? मी म्हटले, तुम्ही काय करणार तेच.

शेवटची सूचना, ती मंडळाच्या कामाची आहे. दुसऱ्या टेबलाला कार्यकारिणीने मंजुरी दिली आहे. पायांच्या नळ्या आल्या आहेत, भोके मंगळवारी पाडायची आहेत. मागच्या वेळी ज्यांची मापे राहिली, आणि ज्या नव्याने केंद्रात येऊ लागल्या, त्यांनी सभा संपल्यावर पाच मिनिटे थांबावे. चप्पल काढून उभे राहायचे, कोपर वाकवायचे. फीत माझ्याजवळ आहे.